सोमवारचा विडा

मला विडा आवडत नाही. लहानपणापासून आवडत नाही. पूजेनंतर कोणी तबक पुढे केलं की मी त्यातली लवंग तेवढी काढून घेते आणि पान गुपचूप नवऱ्याच्या हातात देते. असं असूनही दर सोमवारी सकाळी, भर कामाच्या वेळी, जयेंद्रगंजातल्या आमच्या ऑफिसात गादीवर मांडी घालून मला विडा खावा लागतो, आणि तोही चारचौघांदेखत. याला कारण एकच माणूस. भाऊसाहेब पोतनीस.

आमचा धंदा पुठ्ठ्याच्या डब्यांचा. मिठाईचे, फरसाणाचे, आणि थंडी पडली की गजकचे. तीळगुळाची ही खुसखुशीत गजक आमच्या ग्वाल्हेरात आणि शेजारच्या मुरैन्यात हिवाळाभर बनते, गावोगाव जाते, आणि जाताना आमच्या डब्यांतून जाते. कागद आणि पुठ्ठा खरेदी करणं माझ्याकडे. भाऊसाहेबांकडे काय, असं विचाराल तर काही नाही. ते मालक नाहीत, मॅनेजर नाहीत. आमच्या सेठजींनी त्यांना नेमलंय ते फक्त सोमवारची बैठक चालवायला. एक सरकारी नोकरी पुरी करून निवृत्त झालेला हा सत्तरीकडचा माणूस सोमवारी धोतर नेसून, काळी टोपी घालून, हातात झाकलेलं पितळी तबक घेऊन येतो, आम्हा सगळ्यांना धारेवर धरतो आणि निघून जातो. बाकीचे दिवस गोरखीतल्या आपल्या घरी असतो. असल्या नोकऱ्या मला का मिळत नाहीत, हे मी देवाला अनेकदा विचारलं आहे.

आता खरं सांगायचं तर भाऊसाहेब येण्याआधी आमच्या मीटिंगा म्हणजे शुद्ध थट्टा होती. टेबलाभोवती बसायचं, कचोरी मागवायची. सेठजी बोलायचे. मग सेठजींच्या बोलण्याला बाकीचे माना डोलवायचे. मग कोणाच्या तरी मेहुण्याच्या लग्नातल्या जेवणाची चर्चा. तोवर दुसरी कचोरी. शेवटी सेठजी म्हणायचे, "चलो, देखते हैं," आणि सगळे उठायचे. काय बघायचं, कोणी बघायचं, कधी बघायचं, हे एकालाही माहीत नसायचं. पुढच्या मीटिंगला तेच विषय पुन्हा तस्सेच. मी खवळायचे, पण मी खवळते हे ऑफिसात सगळ्यांना पाठ असल्यामुळे त्याचा उपयोग व्हायचा नाही.

मग सेठजींच्या मोहल्ल्यात नळाच्या पाण्यावरून भांडण पेटलं. तिथल्या सभेला भाऊसाहेब कोणाचे तरी पाहुणे म्हणून आले होते, आणि जे भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं ते त्यांनी चहा यायच्या आत मिटवलं. सेठजी त्यांना तिथूनच धरून ऑफिसात घेऊन आले.

पहिल्याच दिवशी भाऊसाहेबांनी टेबल बाहेर काढायला लावलं. "टेबलाखाली माणूस काय करून राहिला आहे ते दिसत नाही. गादीवर सगळं दिसतं." झालं. पांढरीशुभ्र गादी, तक्के, चपला बाहेर, मोबाईल चपलांच्या शेजारी. सेठजी खूश, त्यांच्या आजोबांची पेढी अशीच होती म्हणे. माझ्या गुडघ्यांना कोणी विचारलं नाही.

दुसरा नियम बोलण्याचा. जो सगळ्यांत नवा किंवा लहान, त्याने आधी बोलायचं. मालकाने शेवटी. पहिल्या बैठकीत सेठजी सवयीने बोलायला लागले तर भाऊसाहेबांनी हात वर केला.

सेठजींना ते झेपेना. "भाऊसाब, मालिक मैं हूँ कि नहीं?"

"आप ही हैं. इसीलिए आखिर में. आप बोल दिए तो फिर कौन बोलेगा?"

यात चूक काढायला जागा नव्हती, याचाच मला जास्त राग आला. आमची सायली, डब्यांवरची नक्षी कॉम्प्युटरवर करणारी पोरगी, तिचं तोंड तोपर्यंत कोणी उघडलेलं पाहिलं नव्हतं. तिने सुरुवात केली: "काका, वो प्रिंटवाला आहे ना, तो फोनच नहीं उठा रहा, आणि मी तर कधीपासून बोलून राहिली आहे, लेकिन या वैशालीताई म्हणाल्या की..."

"कहाणी नको. काम सांगा."

"प्रिंटवाला बदलायला पाहिजे."

"पुढे."

हे दोन त्यांचे मंत्र. 'कहाणी नको, काम सांगा' आणि 'पुढे'. मी एकदा कागदाचा ट्रक का अडकला ते समजावून सांगायला घेतलं. त्यात पाऊस होता, ड्रायव्हरच्या सासूचं आजारपण होतं, एका नाक्यावरची हुज्जत होती, आणि सगळं खरं होतं. मी सासूपर्यंत पोचायच्या आत 'पुढे' आलं. सख्ख्या सासूनेही माझं बोलणं इतक्या वेळा तोडलेलं नाही.

आणि मग विडा. भाऊसाहेबांचे पणजोबा म्हणे इथल्या दरबारात पानदानाच्या खात्यावर होते. अवघड कामगिरी निघाली की भर दरबारात तबकात विडा ठेवायचे, ज्याची छाती असेल त्याने तो उचलायचा. उचलला की काम त्याचं, मग मागे फिरणं नाही. ठीक आहे, असेल. आमचे पूर्वज घोडदळात होते, म्हणून मी काही घोड्यावर बसून ऑफिसात येत नाही. पण भाऊसाहेब सोमवारी पहाटे उठून स्वतः विडे बांधतात. पानाच्या शिरा काढून, चुना, कात, सुपारी, वेलदोडा, वरून लवंग टोचून. तंबाखू वर्ज्य. जितकी कामं तितके विडे, आणि सेठजींच्या हातात मानाचा एक निराळा, सुरुवातीलाच. एकेक काम पुकारायचं, तबक फिरवायचं, ज्याने उचलला त्याने काम आणि दिवस मोठ्याने सांगायचा आणि विडा तिथल्या तिथे तोंडात टाकायचा. सगळी मेख इथेच आहे. विडा तोंडात गेला की माणसाला बोलता येत नाही. 'पण', 'तसं बघायला गेलं तर', 'मी प्रयत्न करतो', हे सगळं पानाबरोबर गिळावं लागतं. आणि विडा उरला तर बैठक उठत नाही. भाऊसाहेब डोळे मिटून बसतात, कोणी तरी कंटाळून उचलतंच. बहुतेक वेळा मी.

पंकज भदौरिया नवा लागला तेव्हाची गोष्ट. हा भिंडचा उंचापुरा मुलगा विक्रीसाठी ठेवला होता. त्याला या प्रकाराची कोणी कल्पना दिली नव्हती. त्याच वेळी मुरैन्याचा एक मोठा व्यापारी आमच्यावर चिडला होता, कारण आमच्या डब्यांची झाकणं वाटेतच सुटत होती. झाकणं सुटत होती कारण डबे चिकटवायची खळ पातळ होती. खळ पातळ होती कारण ती सेठजींच्या साढूच्या कारखान्यातून यायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

भाऊसाहेबांनी पुकारलं, "मुरैन्याला जाऊन व्यापाऱ्याची बोलणी ऐकून यायची." नियमाप्रमाणे तबक सगळ्यांत नव्या माणसापुढे आधी आलं. पंकजला वाटलं, पाहुणचार आहे. त्याने विडा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. भाऊसाहेबांनी समाधानाने मान हलवून पुढचं काम पुकारलं, "साढूसाहेबांना तोंडावर सांगायचं की खळ पातळ आहे." आम्ही सगळे गादीचे टाके मोजायला लागलो. तेवढ्यात पंकज भरल्या तोंडाने म्हणाला, "भाऊसाब, पान बहुत बढ़िया है. एक और मिलेगा क्या?"

"जरूर," भाऊसाहेब म्हणाले.

जिना उतरताना त्याला कळलं की आपण काय खाल्लं. बिचारा पांढराफटक पडला. पण ठाकूर माणूस, खाल्लं ते खाल्लं. मुरैन्याला गेला, शिव्या ऐकल्या, परत येऊन साढूंकडे गेला आणि सांगितलं. साढूंनी महिनाभर सेठजींशी अबोला धरला. खळ मात्र घट्ट झाली. यावर मी भाऊसाहेबांशी भांडले की अजाण मुलाला असं फसवणं तुम्हाला शोभतं का. ते शांतपणे म्हणाले, "वैशालीबाई, जाणत्यांनी आधीच सांगितलं असतं तर हा विडा बांधावाच लागला नसता."

ऑफिसात हे चालून गेलं, पण मी मोठी चूक केली. माझ्या भाचीच्या लग्नाची बैठक आमच्याकडे होती, वडीलधारं माणूस असावं म्हणून त्यांना बोलावलं. दोन्ही घरची माणसं बसली, ख्यालीखुशाली सुरू झाली, स्वयंपाकघरात वडे तळायला घेतले. लग्नाच्या बैठकीला एक चाल असते. आधी हवापाणी, मग ओळखीपाळखी, मग खाणं, मग खाकरणं आणि मग मुद्दा. भाऊसाहेबांनी पहिल्या वड्याच्या आधी विचारलं, "सगळ्यांत लहान कोण? वधू आणि वर. तुम्ही सांगा, लग्न कसं पाहिजे?"

भाची गोंधळली. मुलगा म्हणाला, "मला घोडी-बँड नको. एका दिवसात झालं तर बरं." त्याच्या आईने तोंड उघडलं तशी भाऊसाहेब म्हणाले, "पुढे." व्याह्यांना! माझ्या घरात! वडे तळून होईपर्यंत तारीख ठरली, हॉल ठरला, मानपान रद्द झाला आणि भाऊसाहेब टोपी घालून निघाले. पाहुणे हातातल्या बशीकडे बघत बसले, कारण आता बोलायला काही शिल्लकच नव्हतं. माझी बहीण मला आजही ऐकवते. लग्न मात्र अगदी सुरेख झालं, पण तो मुद्दा नाही.

मुद्दा त्यांच्या डोळ्यांचा आहे, आणि मला सगळ्यांत जास्त संताप आणला तो त्यानेच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी मागच्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं की आता ऑपरेशन करून घ्या, फार पिकू देऊ नका. जो माणूस आम्हाला एक काम एका सोमवारहून पुढे ढकलू देत नाही, तो स्वतःचे डोळे ऋतूमागून ऋतू ढकलत होता. मी दर सोमवारी विचारायचे. उत्तर ठरलेलं: "मुलगा येणार आहे. सुटीचं बघून राहिला आहे." त्यांचा मुलगा बंगलोरला असतो, त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, काही वर्षांपूर्वी गेल्या, एवढं आम्हाला माहीत होतं. जास्त विचारलं की म्हणायचे, "हा विषय आजच्या बैठकीत नाही."

दिवाळीनंतर आम्हाला ते जिभेवर कळायला लागलं. भाऊसाहेबांना पानावर चुना किती लागला ते दिसेना. एका सोमवारी सायलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढच्या सोमवारी सेठजींची जीभ अशी भाजली की त्यांना दिवसभर चहा पिता आला नाही. भर गजकच्या हंगामात आम्ही सगळे तोंडं पोळलेली माणसं मुरैन्याच्या व्यापाऱ्यांशी फोनवर तोतरं बोलत होतो. पंकज खिशात खडीसाखर घेऊन यायला लागला. पण भाऊसाहेबांना कोणी एक शब्द बोललं नाही. अगदी सेठजीसुद्धा मिटल्या तोंडाने "उम्दा" म्हणायचे. मला या लोकांचाही राग यायचा. माझी जीभही भाजायचीच, आणि मीही गप्पच होते, तो भाग निराळा.

मग पडावच्या चौकात एक टेम्पो त्यांच्या अगदी जवळून गेला. पंकजने ते पाहिलं आणि येऊन मला सांगितलं. त्या सोमवारी मी त्यांना जिन्यातच गाठलं. म्हटलं, "भाऊसाहेब, मुलगा नक्की कधी येणार? तारीख सांगा. कहाणी नको."

ते हसले. "बरं. घेऊ विषय," म्हणाले आणि वर गेले.

संक्रांत होऊन गेली होती. हंगाम सरत आला होता, कामं थोडीच होती. ती भराभर झाली, विडे उचलले गेले, तरी तबकात एक उरला. पंकज म्हणाला, "भाऊसाब, एक ज़्यादा लग गया."

"नाही. बरोबर आहे." मग त्यांनी नेहमीच्याच आवाजात पुकारलं, "डोळ्याचं ऑपरेशन. बुधवारी सकाळी. दवाखान्यात सोबत एक माणूस पाहिजे म्हणतात. दुपारपर्यंत मोकळं. कोण?"

या बैठकीत विडा बोलून उचलायचा नसतो, हात पुढे करायचा असतो, हे आमच्या अंगात इतकं मुरलं आहे की कोणी तोंडाने हूं की चूं केलं नाही. सायलीचा हात पुढे गेला. पंकजचा गेला. सेठजी, ज्यांनी आजवर कामाचा एकही विडा उचलला नव्हता, कारण मालकाने काम सांगायचं असतं, ते गुडघ्यावर पुढे सरकले. माझाही हात गेला. सगळे हात तबकावर एकमेकांना थडकून थांबले, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने उचलला.

भाऊसाहेब वाट बघत होते. नेहमी डोळे मिटून बसतात, त्या दिवशी उघडे होते. आमच्याकडेच बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं. बुधवार म्हणजे कामाचा दिवस, जमत नसेल. काही हरकत नाही. पुढच्या सोमवारी घेऊ." आणि त्यांनी तबकावर टाकायला रुमाल उचलला.

माझं डोकं सणकलं. मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, दिसत नाहीये का तुम्हाला?"

आणि मग लक्षात आलं की नाहीच दिसत. रुमाल आमच्या हातांवर पडला होता. भाऊसाहेबांचा हात तो नीट करायला पुढे आला आणि खाली तबकाऐवजी बोटं लागली. त्यांनी ती चाचपली. सेठजींच्या अंगठ्या लागल्या, सायलीच्या बांगड्या लागल्या. ते हात तसाच रुमालावर ठेवून बसले.

सेठजींचाच आवाज आधी फुटला. नियम मोडून. "गाड़ी मेरी जाएगी. इसमें कोई बहस नहीं." पंकज म्हणाला की दवाखान्यात धावपळ तो करेल. सायली रडून राहिली होती आणि रडता रडता डोळ्यांत टाकायच्या थेंबांच्या वेळा मोबाईलवर कशा लावायच्या ते सांगत होती. तो विडा कोणी खाल्ला नाही. मी खाऊ दिला नाही. असल्या कामाला विडा ठेवायचा असतो का? आम्ही काय दरबारातली परकी माणसं आहोत? मी हे सगळं त्यांना तिथेच सुनावलं, आणि गंमत म्हणजे त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

नंतर त्यांना घरी सोडायला मी निघाले. जिना उतरताना त्यांचा दंड धरला होता. माझा राग उतरला नव्हता. म्हटलं, "मुलाला कळवलंत तरी का?"

"नाही."

"का नाही?"

ते एक पायरी थांबले. "वैशालीबाई, मी घरी फार बोलायचो. ऑफिसात बोलायची सोय नव्हती, ते सगळं घरी येऊन बोलायचो. जेवताना सगळ्यांना धरून बसवायचो. ही ऐकायची. ही गेल्यावर मुलाचा फोन आला की तासभर सोडायचो नाही. त्याला काम असायचं, तो हां हां करायचा, मला पता असायचं, तरी सोडायचो नाही. मग फोन कमी झाले. त्याची काही चूक नाही."

मी त्यांचा दंड धरून पुढची पायरी उतरले.

"म्हणून सेठजींनी बोलावलं तेव्हाच ठरवलं. बैठक छोटी ठेवायची. छोटी ठेवली की माणसं पुढच्या सोमवारी खुशीने येतात."

"आम्हाला पगार मिळतो, भाऊसाहेब. आम्ही आलोच असतो."

"ते आहेच. पण असे हसत आला नसता."

मला त्यांचा भयंकर राग आला. आठवड्यातून एकदा हा माणूस चार माणसांत बसायचा, आणि त्यातलाही वेळ आमच्यासाठी कापून कापून ठेवायचा, आणि आम्ही त्यांच्या नकला करून हसायचो. रस्त्यावर आल्यावर मी तोंड फिरवून भराभर पावलं टाकली. भाऊसाहेबांना वाटलं मी कंटाळले. ते लगेच गप्प झाले आणि पाय उचलून चालायला लागले.

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "एवढा तासभर मुलाला सांगायचात तरी काय?"

"काही नाही, असंच. इकडचं तिकडचं."

"मला सांगा. मला घाई नाही."

आधी त्यांना सुरुवात सापडेना. मग ते बोलायला लागले. वहिनींच्या हातच्या चकल्या, मुलाची शाळा, ऑफिसातला एक साहेब, त्या साहेबाचा कुत्रा, मग पुन्हा चकल्या. गोरखीला पोचलो तरी त्यांचं संपलं नव्हतं, म्हणून दाराशी उभ्या उभ्या ऐकलं. त्या दिवशीची माझी सगळी कामं राहिली.